मांजर बोलतं ते तुमच्याशी

रात्री दहानंतर माझा फोन वाजला, की पलीकडून आधी माणूसच बोलेल असं नाही. पुष्कळदा आधी मांजर ऐकू येतं. ‘डॉक्टर, थांबा हं, फोन तिच्या तोंडाशी धरते, जरा ऐका,’ असं कुणीतरी घाईघाईनं म्हणतं. मग थोडी खरखर, घरातल्या मुलांचं ‘शूऽऽ’, आणि त्यातून एखादं लांबलचक ‘म्याँऽऽव’. मग पुन्हा माणूस. ‘ऐकलंत? काय म्हणतेय ती?’

पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी पुण्यात लहान जनावरांचा दवाखाना चालवते आहे. ‘लहान जनावरं’ हा आमच्या धंद्यातला शब्द. त्यात कुत्री, मांजरं, ससे, क्वचित एखादा पोपट असे सगळे आले. इतक्या वर्षांत या प्रश्नाला मी एकच उत्तर देत आले आहे: ‘मला नाही कळलं.’ लोकांना ते आवडत नाही. फी घेणाऱ्या डॉक्टरला मांजराची भाषा येऊ नये हे त्यांना पटत नाही. पण ते खरं आहे. मग मीच त्यांना तीन प्रश्न विचारते. मांजर नर की मादी? ओरडताना ते कुठे बसलंय? आणि हा आवाज नेहमीचा आहे की आजच ऐकताय? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर वाचलेले जीव मी पाहिले आहेत आणि उत्तरं उशिरा मिळाल्यानं गेलेलेही पाहिले आहेत. म्हणून हा विषय.

आधी ‘म्याँव’चंच घेऊ. आपली समजूत अशी, की गाय हंबरते, कुत्रं भुंकतं, तसं मांजर म्याँव करतं. ती त्याच्या जातीची भाषा. प्रत्यक्षात दोन मोठी मांजरं समोरासमोर आली तर एकमेकांना उद्देशून म्याँव सहसा करत नाहीत. त्यांचा आपसातला व्यवहार चालतो वासावर, शेपटीवर, कानांच्या ठेवणीवर, अंगाला अंग घासण्यावर. भांडण जुंपलं तर गुरगुरणं, फिस्कारणं आणि रात्री गच्चीवरून ऐकू येतं ते गळा काढणं. म्याँव करतं ते पिल्लू, आईला बोलावण्यासाठी. अंगावरचं दूध सुटलं, आई लक्ष देईनाशी झाली, की ते हळूहळू कमी होत जातं. माणसाच्या घरात मात्र ते कमी होत नाही. कारण उघड आहे. इथे म्याँव केलं की दार उघडतं, बशी भरते. म्हणजे तुमच्या घरातले पाच किलोचे बोकोबा तुमच्यापुरते पिल्लूच असतात. (बशीवरून आठवलं: बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. गोष्टींमधलं मांजर डोळे मिटून दूध पीत असेल. तुमच्या मांजराला पाणी द्या.)

ही सवय एका पिढीतली नाही. मांजर धान्याच्या कोठारांमागून, म्हणजे उंदरांमागून आपल्याकडे आलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मुद्दाम पुरलेलं मांजर सापडलं, त्याची माहिती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. इतक्या काळात मांजराच्या आवाजावर काही परिणाम झाला असेल का? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात निकोलस निकास्ट्रो यांनी त्याच सुमारास पाळीव मांजरांचे आणि त्यांच्या आफ्रिकी रानमांजर भाऊबंदांचे आवाज माणसांना ऐकवून पाहिले. पाळीव मांजराचा म्याँव आखूड आणि वरच्या पट्टीतला निघाला, आणि ऐकणाऱ्यांना तो अधिक गोड वाटला. रानमांजराचा ऐकून त्यांना तेवढी माया वाटली नाही. ज्याचा आवाज माणसाला भावला त्याला घास मिळाला, त्याची पिल्लं जगली, असं पिढ्यानपिढ्या झालं असणार, हा त्यातला तर्क. मला तो पटतो.

आवाजांची शास्त्रशुद्ध मोजदाद मात्र त्याच्या कितीतरी आधी झाली होती. १९४४ मध्ये मिल्ड्रेड मोल्क या अमेरिकन बाईंनी घरातल्या मांजराचे आवाज ध्वनिशास्त्राच्या पद्धतीनं लिहून काढले आणि १६ प्रकार सांगितले. त्यांनी ते तीन गटांत बसवले, आणि ही वाटणी मला अजून सगळ्यांत सोपी वाटते, कारण त्यासाठी कान नसले तरी चालतात, डोळे पुरतात. पहिला गट तोंड मिटून काढलेल्या आवाजांचा: घुरघुर, आणि ते ‘ब्रुर्र्’ असं गोड कुरकुरणं. दुसरा, तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेल्या आवाजांचा, म्हणजे सगळे म्याँव. तिसरा, तोंड ताणून उघडंच ठेवून काढलेल्या आवाजांचा: फिस्कारणं, किंचाळणं, दुखण्याची आरोळी. पहिल्यात ओळख आणि जवळीक, दुसऱ्यात मागणी, तिसऱ्यात जिवावरची गोष्ट, असं ढोबळ मानानं म्हणता येतं. आकाशवाणीच्या स्टुडिओत मी हे तिन्ही तोंडानं काढून दाखवले तेव्हा काचेपलीकडच्या निवेदिकेला हसू आवरेना. छापील पानावर ती सोय नाही.

आता माझ्या ‘मला नाही कळलं’कडे येते. निकास्ट्रो यांनीच २००३ मध्ये दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मांजरांचे म्याँव वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केले: खायला मागताना, दाराशी, त्रासल्यावर वगैरे. मग ते लोकांना ऐकवले आणि विचारलं, सांगा, हे मांजर कशासाठी ओरडतंय? ज्यांनी मांजर पाळलं होतं त्यांना थोडं अधिक जमलं, पण एकूण निकाल यथातथाच. परक्या मांजराचं बोलणं आपल्याला फारसं कळत नाही. याचं कारण, म्याँव हा ठरलेला शब्दच नाही. प्रत्येक मांजर आपल्या घरात प्रयोग करत असतं. कोणता सूर काढला की ही बाई ओट्याकडे वळते, कोणता काढला की हा माणूस पांघरुणातून हात बाहेर काढतो, हे ते लक्षात ठेवतं. जे लागू पडलं ते पुन्हा वापरतं. म्हणजे तुमच्या घरात एक खासगी बोली तयार होते. ती बोलणारं एक मांजर आणि समजणारी दोन-चार माणसं. शेजाऱ्यांना ती येत नाही. मलाही नाही.

काही सर्वसाधारण गोष्टी आहेत. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या सुसान शॉट्स या मूळच्या ध्वनिशास्त्राच्या अभ्यासक. माणसांच्या बोलण्यातली चढउतार मोजणाऱ्या या बाई मांजरांकडे वळल्या. त्यांना आढळलं, की खायला मागतानाच्या म्याँवचा सूर शेवटी चढता असतो आणि डॉक्टरकडे नेतानाच्या म्याँवचा उतरता. ऐकणाऱ्यांनाही हा फरक बऱ्यापैकी ओळखता आला. २०२१ मध्ये त्यांच्या या कामाला ‘इग नोबेल’ मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. तो उतरता सूर माझ्या दवाखान्याच्या जिन्यावर रोज ऐकू येतो. मांजराची टोपली अजून खालच्या मजल्यावर असते तेव्हाच मला कळतं, पेशंट आलं.

ही बोली दोन्ही बाजूंनी असते, हेही सांगायला हवं. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की मांजर आपल्या माणसाचा आवाज परक्यांच्या आवाजातून ओळखतं. २०१९ मध्ये दाखवलं, की त्याला आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं कळतं. गंमत अशी, की ओळखल्यावर ते बहुतेक वेळा फक्त कान हलवतं किंवा मान वळवतं. उठून येत नाही. ‘हाक मारली तरी ढिम्म हलत नाही, बहिरं आहे का?’ असं विचारणाऱ्यांना मी सांगते, कानाकडे बघा. कान फिरला असेल तर ऐकू आलंय. यायचं नाहीये, इतकंच.

खरोखर बहिरी मांजरंही असतात. पांढरीशुभ्र आणि दोन्ही डोळे निळे, अशा मांजरांत जन्मजात बहिरेपण बरंच आढळतं. ती फार मोठ्यानं ओरडतात, कारण स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्यामागून जाऊन टाळी वाजवून पाहा. रागावण्यात अर्थ नसतो.

आता घुरघुर. मराठीत घुरघुर आणि गुरगुर हे शब्द लोक सरमिसळ वापरतात, मी मात्र काटेकोर आहे. मांडीवर बसून छातीतून येते ती घुरघुर. दुसरं मांजर दिसल्यावर घशातून येते ती गुरगुर. आमच्या आजीच्या पिढीतली माणसं घुरघुरणारं मांजर दिसलं की ‘दमेकरी आहे, अंथरुणात घेऊ नका’ म्हणायची. घुरघुर म्हणजे दमा नव्हे. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा न थांबता ती चालू राहते, सेकंदाला साधारण २५ ते ३० कंपनं. एवढा खर्जातला आवाज एवढ्याशा गळ्यातून कसा निघतो हे कोडंच होतं. मेंदू घशाच्या स्नायूंना भराभर आवळायला-सोडायला लावतो, अशी १९७०च्या दशकापासूनची समजूत. २०२३ मध्ये व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनी मेलेल्या आठ मांजरांची स्वरयंत्रं घेऊन त्यांतून उबदार, दमट हवा सोडली, तर मेंदू नसतानाही घुरघुर निघाली. मांजराच्या स्वरतंतूंत उतींच्या छोट्या गाद्या असतात, त्या भारानं तंतू संथ हलतात. जिवंतपणी स्नायू मदत करत नाहीत असं यावरून सिद्ध होत नाही, पण मुळातली रचनाच घुरघुरीसाठी बनली आहे, हे खरं.

पिल्लं जन्मतात तेव्हा आंधळी आणि बहिरी असतात. पण आईच्या पोटाला लागली की तिची घुरघुर त्यांना अंगाला जाणवते, आणि काही दिवसांत तीही घुरघुरू लागतात. तोंडातून आचळ न सोडता ‘सगळं ठीक आहे’ असं कळवायची ही सोय. मोठेपणी हीच सोय वेगळ्या कामाला येते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकोम्ब यांचं मांजर पहाटे अशी काही घुरघुर करून त्यांना उठवायचं, की झोप लागणं शक्य नसे. त्यांनी १० मांजरांच्या अशा घुरघुरी ध्वनिमुद्रित केल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की खायला मागतानाच्या घुरघुरीत नेहमीच्या खर्जाच्या आत एक बारीक रडका सूर लपलेला असतो, आणि त्याची पट्टी माणसाच्या तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळपास जाते. ज्यांनी जन्मात मांजर पाळलं नव्हतं त्यांनाही ती ऐकून ‘काहीतरी तातडीचं आहे’ असं वाटलं. यंत्रानं तो बारीक सूर काढून टाकल्यावर वाटेना. पहाटे साडेपाचला तुम्ही का उठता, ते आता कळलं असेल.

पण घुरघुर म्हणजे आनंद, ही समजूत मात्र मला फार महागात पडली आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दवाखाना सुरू करून मला तिसरं वर्ष होतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडलेली एक मांजरी एक जोडपं संध्याकाळी घेऊन आलं. हाड मोडलेलं नव्हतं, हनुवटीला थोडं खरचटलं होतं. टेबलावर ठेवली तर जोरजोरात घुरघुरायला लागली. छातीला स्टेथोस्कोप लावला तर कानात नुसता गिरणीचा पट्टा. हृदय ऐकू येईना, फुप्फुसं ऐकू येईनात. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं, ‘बघा, खूश आहे.’ मीही हसले. एक इंजेक्शन दिलं, उद्या दाखवायला सांगितलं. सकाळी सात वाजता ते दोघं पुन्हा आले तेव्हा मांजरी तोंड उघडून श्वास घेत होती. कुत्रं दमलं की जीभ काढून धापतं. मांजरानं तोंड उघडून श्वास घेणं म्हणजे पाणी गळ्यापर्यंत आलं. पडण्याच्या धक्क्यानं छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटला होता आणि आतडी छातीत सरकली होती. एक्स-रेसाठी नेतानाच ती गेली. शेवटपर्यंत अधूनमधून घुरघुरत होती.

मांजर आनंदात घुरघुरतं, तसंच भीतीनं, वेदनेनं, वेताच्या कळांत आणि मरतानाही घुरघुरतं. पिल्लूपणी आईजवळ जो धीर मिळाला तो ते बहुधा स्वतःला देत असतं. घुरघुरीच्या कंपनांनी मोडलेली हाडं लवकर जुळतात असंही हल्ली ऐकायला मिळतं. कल्पना छान आहे, पक्का पुरावा नाही. त्या दिवसापासून माझी पद्धत ठरली. घुरघुरणारं मांजर टेबलावर आलं की मी आधी बेसिनचा नळ सोडते. वाहत्या पाण्याच्या आवाजानं बहुतेक मांजरं चार-दोन श्वासांपुरती गप्प होतात. नाहीच झाली तर स्पिरिटचा बोळा नाकापाशी नेते. तेवढ्यात छाती ऐकून घ्यायची. लोकांना वाटतं मॅडम हात धुताहेत.

इतर चमत्कारिक आवाजांबद्दल थोडक्यात सांगते, कारण फोन त्यांचेच जास्त येतात आणि बहुतेकांत काळजीचं काही नसतं. खिडकीच्या जाळीपलीकडे कबुतर बसलं की मांजर जबडा थरथरवत ‘कट्-कट्-कट्’ करतं. फिट नव्हे ती. हाताशी न येणाऱ्या शिकारीपुढे ते असं करतं. चडफड असेल, चाव्याची रंगीत तालीम असेल. ब्राझीलच्या जंगलात २००५ मध्ये संशोधकांनी एका मार्गे जातीच्या रानमांजराला माकडाच्या पिल्लासारखा आवाज काढून माकडांना जवळ आणताना पाहिलं होतं. तसलंच काही आपल्या मनीच्या मनात असतं असं मात्र म्हणवत नाही. काही मांजरं तोंड उघडतात, पण आवाजच येत नाही. घरातल्यांना हा मुका म्याँव फार आवडतो. त्याला प्रतिसाद पटकन मिळतो म्हणून मांजरही तो वापरतं. रात्री मोजा किंवा फडकं तोंडात धरून घरभर खोल आवाजात ओरडत फिरणारी मांजरंही असतात. तोंडात काही असल्यानं तो आवाज भुतासारखा येतो. शिकार आणून दाखवायची ती हौस आहे. शाबासकी द्या आणि झोपा.

भाटी, म्हणजे मांजरी, पहिल्यांदा माजावर येते तेव्हा ‘पोटात भयंकर दुखतंय’ म्हणून हमखास फोन येतो. पाच-सहा महिन्यांचं ‘पिल्लू’, दिवसरात्र गळा काढतंय, जमिनीवर लोळतंय, मागचा भाग वर करतंय. दुखत काही नसतं. बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, आणि मिळाला तर दोन महिन्यांनी घरात चार पिल्लं. शस्त्रक्रिया करून घ्या, एवढंच सांगते. मात्र ‘दुखतंय’ म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका, अर्धीही नाही. ती त्याला विष आहे.

म्हातारं मांजर रात्री ओरडू लागलं तर तो हट्ट समजू नका. दहा-बारा वर्षांचं शांत मांजर एकाएकी मध्यरात्री पॅसेजमध्ये उभं राहून हंबरडा फोडायला लागतं. मूत्रपिंडं थकलेली असतात, त्यानं रक्तदाब वाढतो, कधी त्या दाबानं डोळ्याचा आतला पडदा सुटून एका रात्रीत दिसेनासं होतं. थायरॉइड असू शकतो. माणसासारखा विसरभोळेपणाही येतो. मांजराचा रक्तदाब मोजता येतो, पुढच्या पायाला किंवा शेपटीला छोटा पट्टा बांधून. औषधंही आहेत. ‘वय झालं, करायचंच’ असं म्हणून सोडून देण्याची गरज नाही.

याउलट मांजराचा आवाज अचानक घोगरा झाला, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आणि प्रेमळ मांजर अंगावर धावून येतंय, तर जवळ जाऊ नका. साधा घसा बसलेला असू शकतो, पण आपल्या देशात रेबीज आहे आणि तो मांजरांनाही होतो. अशा मांजरानं चावलं-ओरबाडलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. माझ्याकडे नंतर या.

आणि आता ज्या आवाजासाठी मी ते तीन प्रश्न विचारते तो. नर मांजर, वाळूच्या पेटीत बसलेलं, आणि कधी न ऐकलेला, खोल, तुटक आवाज. पुन्हा पुन्हा पेटीत जातं, कुंथतं, बाहेर येतं, मागचं अंग चाटत बसतं. घरातले म्हणतात, बद्धकोष्ठ झालं. आणि एरंडेल पाजतात. प्रत्यक्षात लघवी तुंबलेली असते. नराचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद. लघवीतली वाळूसारखी कणी किंवा चिकट गुठळी त्यात अडकते आणि वाट बंद. घरातच बसून असणारी, वजन वाढलेली, कोरडं खाणं खाणारी आणि पाणी कमी पिणारी मांजरं यात जास्त सापडतात. मूत्राशय लिंबासारखं घट्ट होतं, रक्तात विष साठू लागतं, पोटॅशियम वाढतं, आणि त्यानं हृदय थांबतं. पूर्ण तुंबल्यापासून मांजराच्या हातात एक-दोन दिवस असतात. शेवटी ते ओरडायचंही थांबतं, आणि घरातल्यांना वाटतं, एरंडेल लागू पडलं.

असं शांत झालेलं मांजर टोपलीतून माझ्या टेबलावर येतं तेव्हा काय सांगायचं, हे मला अजून जमलेलं नाही. एका मुलीनं मला विचारलं होतं, ‘काल रात्रभर ओरडत होता तेव्हा आणलं असतं तर?’ बारा-तेरा वर्षांची असेल. मी खोटं बोलले. म्हटलं, तेव्हाही उशीरच झाला असता.

बंड्याचं मात्र वेगळं झालं. बंड्या हा बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांचा पिवळा बोका. काकू गेल्यानंतर घरात दोघंच. एका रात्री अकराला काकांचा फोन आला. त्यांनी फोन बंड्याजवळ धरला नाही. म्हणाले, ‘मॅडम, याचे सतरा आवाज मला माहीत आहेत. हा अठरावा आहे.’ मी विचारलं, कुठे बसलाय? ‘त्याच्या पेटीत. तिसऱ्यांदा गेलाय, पेटी कोरडी आहे.’ तिसरा प्रश्न विचारायची गरजच नव्हती. म्हटलं, आत्ता निघा, पोट दाबून बघू नका. ते रिक्षानं साडेअकराला आले. भूल देऊन नळी घातली, अडथळा सुटला, सलाईन लावलं. तीन दिवस बंड्या दवाखान्यात होता आणि त्या तीन दिवसांत माझ्या सगळ्या स्टाफला त्यानं शिव्या घातल्या.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एक काम सांगते. मांजर धडधाकट असताना त्याचे रोजचे आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा: सकाळचा, दारातला, खाण्याचा, पेटीतून बाहेर आल्यावरचा. उद्या शंका आली तर ताडून पाहायला काहीतरी हाताशी असेल, आणि घरात नवीन माणूस मांजर सांभाळायला आला तर त्यालाही ऐकवता येईल. बहुतेक जण ‘हो’ म्हणतात आणि विसरतात. काकांनी ते मनावर घेतलं. मागच्या खेपेला लस द्यायला बंड्याला घेऊन आले तेव्हा त्यांनी फोनमधली यादीच दाखवली, प्रत्येक आवाजाला नाव दिलेली. ‘दूधवाला’, ‘वरच्या मजल्यावरची मनी’, ‘पंखा बंद करा’, ‘उगाच’. एकेक लावून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. ‘पंखा बंद करा’ आणि ‘उगाच’ यांत मला काही फरक कळेना. तसं मी त्यांना सांगितलं.

‘तुम्हाला कसा कळेल?’ काका म्हणाले. ‘तुम्ही थोड्याच आमच्या घरात राहता?’